पाच गुणांचा प्रश्न

फळ्यावर मी आधी टेकड्यांची ओळ काढते,
वर जाताना जराशी उजवीकडे कललेली.
पाठीच्या कण्यासारखी, असं पुस्तकात आहे,
म्हणून मी तसं म्हणत नाही.
मी म्हणते, घाईत शिवलेल्या पोत्याची शिवण.
जमिनीच्या आतलं काळं वर आलं आणि इथेच थिजलं,
तेव्हा बघायला कोणी नव्हतं,
भाव पाडायलाही नव्हतं.

खाली नदी. आठ महिने वाळू, चार महिने पाणी.
निळ्या खडूने काढायची की पिवळ्या,
यावर दरवर्षी वर्गात भांडण.
नेत्साय म्हणते, पिवळ्यानेच काढा, बाई,
पाणी आम्ही वाळू उकरूनच भरतो.
मग मोपानीची झाडी, हिरवे ठिपके.
मग बंद पडलेली ॲस्बेस्टॉसची खाण:
राखाडी ढिगारा, एवढा उंच
की रात्रीच्या बसमधली माणसं
तो दिसला की चपला शोधू लागतात.
माझे वडील तिथे गिरणीवर होते.
खाण बंद झाली तरी
त्यांचा खोकला मात्र कामावर जात राहिला,
पहाटे पाचला, भोंग्याशिवाय.

प्रश्न: आपल्या जिल्ह्यातील प्रमुख खनिजे सांगा. गुण पाच.
क्रोम, सोनं, ॲस्बेस्टॉस, पाचू,
वर्ग पाढ्यासारखा म्हणतो.
शेवटच्या बाकावरून कोणीतरी:
बाई, पाचू कसा दिसतो?
मी कधी पाहिलेला नाही.
मी पुसलेला फळा पुन्हा पुसते.

तावेंगवा गुरुवारी नसतो.
गुरुवारी क्रोमचा ट्रक येतो.
त्याची आई मुचानेता आदल्या रात्री
घोंगडी पांघरून ढिगाशेजारीच झोपते.
ढीग म्हणजे तीन आठवडे, दोन पहारी, एक मोडलेलं बोट.
ट्रकवाला खाली उतरत नाही,
खिडकीतूनच एक दगड हातात तोलतो
आणि सांगतो, भाव पडलाय.
कुठे पडला?
लांब कुठल्याशा बंदरात, म्हणे,
जिथून हा दगड पुढे जातो
आणि कुणाच्या तरी नळाची चकाकी होतो.
तिथे पडलेला भाव
इथे नेमका मुचानेताच्या पायावर आदळतो.
काटा त्यांचा. मापात पाप आहे हे तिला दिसतं,
पण ट्रक एकच आहे.

शुक्रवारी मी म्हटलं, नकाशा काढा, आपापल्या मनाने.
सगळ्यांनी टेकड्या काढल्या,
नदी (दोन्ही रंगांत), चर्च, दळणाची गिरणी, बसथांबा.
तावेंगवाने कागद उभा धरला.
वरच्या कडेला एक रेघ, रेघेवर एक शेळी.
बस, जमीन एवढीच.
बाकी सगळं खाली:
इथे सरळ उतरायचं, अठरा हात.
इथून आडवं, रांगत.
इथे मेणबत्ती विझते, मागे फिरायचं.
इथे दगडाला घाम येतो, लवकर उरकायचं.
इथे काका.

काका काय करतात इथे?
विचारून बसले मी.
काही नाही, बाई.
गेल्या डिसेंबरपासून तिथेच आहेत.

बाहेर पोरं चिंध्यांच्या चेंडूवरून भांडत होती.
नकाशाला प्रमाण हवं, सूची हवी, दिशा हवी,
हे मीच शिकवलेलं.
त्याने कोपऱ्यात बाण काढला होता,
शेळीकडे रोखलेला,
आणि उत्तर लिहायचं तिथे लिहिलं होतं: बाहेर.

पाचपैकी किती द्यायचे?
लाल पेन तसंच उघडं राहून वाळलं.
शेवटी मी तो कागद
जिल्ह्याच्या छापील नकाशाखाली लावला,
कडेला कड जुळवून. चार टाचण्या लागल्या,
एक शेळीजवळ.

या गुरुवारी ट्रक आला नाही,
खालचा पूल पाण्याखाली आहे म्हणतात.
शुक्रवार उजाडला. तावेंगवाचा बाक रिकामा.
नेत्साय म्हणाली, बाई, आता नदी निळी करा.
मी खोक्यात हात घालून शोधते आहे,
पांढरे आहेत, पिवळा आहे,
निळा खडू कुठे गेला,
कोणी घेतला असेल तर सांगा.